कोरांटीची वई

(उरण येथे तालुक्यातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकीस येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी छापला आहे.)



आजच्या विषयपत्रिकेवर शेवटचा विषय 'परसातील लागवड' असा आहे. तो वाचून होताच मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "जमिनी गेल्या, आता फुलझाडे लावायची काय?" टोमणा बरोबर आहे. मोबदल्याचा, भूखंडांचा आणि नोकऱ्यांचा हिशेब बाकी असताना जो माणूस फुलझाडाची गोष्ट काढतो, त्याने ती का काढली हे आधी सांगितले पाहिजे. ते सांगतो आणि मग झाडाकडे वळतो.

उरले किती?

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात काय घडले, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यातून मिळाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणपर्यंतच्या रेल्वेचेही त्याच दिवशी झाले. या सगळ्या काळात खाजणे गेली, मिठागरे गेली, खलाटीची भातशेती गेली.

मग आपल्या हातात राहिले काय? घर, घरामागचे परस आणि विहिरीकडची चार हात जागा. कोणाकडे एक गुंठा, कोणाकडे दोन, कोणाकडे अर्धासुद्धा नाही. सरकारच्या हिशेबात ही शेती नव्हे. तिची पीकपाहणी होत नाही, तिच्यावर पीककर्ज मिळत नाही, तिचे नुकसान झाले तर पंचनाम्याला कोणी येत नाही. पण काय पेरायचे, कधी पेरायचे, कशाला पाणी द्यायचे याचा निर्णय अजून पूर्णपणे ज्याच्या-त्याच्या हातात आहे, असे आता एवढेच क्षेत्र आपल्याकडे शिल्लक आहे.

आणि या क्षेत्राचे आपण काय करतो आहोत? गावोगाव फिरून बघा. सिमेंट ओतले, वर पेव्हर ब्लॉक बसवले, चार कुंड्या आणून ठेवल्या. दुसऱ्याने जमीन घेतली तेव्हा आपण रस्त्यावर आलो. परस मात्र आपण आपल्याच पैशाने लादीखाली घालतो आहोत.

त्याची किंमत कशी मोजावी लागते ते बघा. समुद्रालगतच्या गावात विहिरीचे गोडे पाणी म्हणजे पावसाचे मुरलेले पाणी. ते खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून त्याच्यावर थराने राहते. वरून पाणी मुरायचे थांबले आणि उपसा चालूच राहिला, की गोडा थर पातळ होतो, खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. भरावामुळे आधीच पाण्याच्या जुन्या वाटा बुजलेल्या आहेत. त्यात अंगणातली मातीही झाकली, तर पाऊस घरात शिरतो, विहिरीत उतरत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की परसाची माती उघडी ठेवा.

उघडी माती म्हटली की बायकांचा प्रश्न तयार असतो, आणि तो खरा असतो. "भाजी लावू हो, पण शेळ्या, कोंबड्या आणि मोकाट गुरे यांचे काय?" कुंपणावाचून परस पिकत नाही. पक्क्या भिंतीचा किंवा तारेचा खर्च झेपत नाही, म्हणून शेवटी लादी. येथे आपले झुडूप कामाला येते. ते म्हणजे पिवळी कोरांटी.

ओळखीचे, पण मोजणीत नसलेले झाड

कोरांटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कमरेएवढे, फार तर छातीएवढे झुडूप. पाने समोरासमोर, पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे, आणि पावसाळा सरला की हळदीसारखी पिवळी फुले. फुलाला वास नाही, पण देवाच्या परडीत त्याला मान आहे. अबोली आणि अडुळसा ही तिचीच कुळातली भावंडे. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. आयुर्वेदात फुलांच्या रंगावरून या गटाला वेगवेगळी नावे आहेत. पांढरे फूल तो सैरेयक, तांबडे तो कुरबक, पिवळे तो कुरंटक. आपला 'कोरांटी' शब्द या कुरंटकाचाच. दातांच्या उपयोगावरून तिला वज्रदंती म्हणतात, आणि दंतमंजनांच्या जाहिरातींनी ते नाव घरोघरी नेले. झाड आपल्या कुडणाशी होते आणि नाव आपल्याला जाहिरातीने शिकवले, अशी ही गंमत आहे.

मी शेतकीची पदवी घेतली. अभ्यासात भात होता, नाचणी होती, आंबा-काजू-नारळ होते, आणि ते असायलाच हवे होते. पण घराच्या भोवतीच्या झुडपाला त्यात एक पानही नव्हते. ज्याचा बाजारभाव निघत नाही ते पीक नव्हे, अशी ती शिकवण. आपल्या चळवळीने शेतीमालाच्या भावासाठी आयुष्य घातले, ते योग्यच होते. पण जो खर्च वाचतो तोही घामाचा दामच आहे, हे आपण हिशेबात धरत नाही.

तेव्हा आता हिशेबच करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. चारी बाजू मिळून १३२ फूट. फुटाला एक कांडी धरली तर १३२ कांड्या. एका चांगल्या वाढलेल्या झुडपाच्या वीस कांड्या निघाल्या, तर सात झुडपांवर एका गुंठ्याचे कुंपण होते. आता नर्सरीत शोभेच्या झुडपाचा जो दर चालू असेल त्याला १३२ ने गुणा. तारेच्या कुंपणाचा खांबासकट दर विचारा आणि १३२ फुटांचा आकडा काढा. हे दोन आकडे घरी कागदावर लिहा. ते तुमच्या खिशातून जाणार होते.

पिवळे ते सगळे कोरांटी नव्हे

पिवळ्या फुलांची काटक झुडपे आणखीही आहेत, आणि लोक ती हौसेने लावतात. त्यांची निवड डोळे उघडे ठेवून करा.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, देवळापाशी आणि रस्त्याकडेला सर्रास असते. पाणी नसले तरी जगते, वर्षभर फुलते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सर्वांत जास्त. त्यातले द्रव्य थेट हृदयावर परिणाम करते. श्रीलंकेत १९८० नंतरच्या काळात या बिया खाऊन जीव देण्याचे प्रकार इतके वाढले, की तेथील डॉक्टरांपुढे तो मोठा प्रश्न होऊन बसला. ज्या परसात मुले खेळतात आणि वासरू बांधलेले असते, तेथे बिट्टी नको.

टेकोमा हे घंटेसारख्या पिवळ्या फुलांचे झुडूप महामार्गाच्या दुभाजकांवर दिसते. ते मूळ अमेरिका खंडातले. दिसायला सुंदर, पण त्याचे पंखासारखे बी वाऱ्यावर दूर जाते आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत ते उपद्रवी ठरले आहे. त्याला काटेही नाहीत, म्हणजे कुंपण म्हणून त्याचा उपयोग कमी.

तरवड हे घाटावरचे झुडूप. देशावरच्या माळरानावर ते फार चांगले. त्याची साल कातडी कमावायला वापरत आले आहेत, आणि तेलंगणाचे ते राज्यपुष्प आहे. पण त्याला कोरडी हवा मानवते. कोकणच्या दोन हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसात त्याचा आग्रह धरू नये.

जेथे उधाणाचे पाणी येते तेथे कोरांटीचाही आग्रह धरू नका. त्या बाजूला भेंड लावा. भेंडीचे फूलही पिवळेच, आणि मावळताना तांबूस होणारे. मनगटाएवढा दांडा पावसाळ्याच्या तोंडाशी रोवला की फुटतो, आणि खारी माती तो सोसतो. आपल्याच तालुक्यात भेंडखळ नावाचे गाव आहे, तेव्हा भेंड तुम्हाला मी ओळखून द्यायला नको.

लावायची कशी?

कांड्या घ्यायच्या त्या गावातल्या परसातून आणि बांधावरून. डोंगरावरची झुडपे मुळासकट उपटून आणू नका. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर आपल्या पूर्वजांनी जंगलावरच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या. तो हक्क जंगल ओरबाडण्याचा नव्हता. कांडी कापली तर मूळ झुडूप पुन्हा फुटते आणि काम तेवढेच होते.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून माती ओली झाली, की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ना कोवळ्या ना जून, अशा फांद्या निवडा. वीतभर लांब आणि तीन-चार पेरांची कांडी करा. खालच्या दोन पेरांवरची पाने आणि काटे काढा. दोन पेरे मातीत आणि उरलेली वर, अशी तिरपी लावा आणि बुडाशी माती पायाने दाबा. हवेत एक पेर राहिले आणि मातीत एकच गेले तर कांडी वाळते. दहा-पंधरा कांड्या जास्तीच्या एका कोपऱ्यात लावून ठेवा, त्या सांधे भरायला उपयोगी पडतात. दाट वई हवी असेल तर दुसरी ओळ फूटभर आत, पहिल्या ओळीच्या दोन कांड्यांच्या मध्ये येईल अशी घ्या.

जमीन कशी आहे ते आधी बघा. कोरांटीला पाणी साचलेले चालत नाही. खालची खारवट जागा असेल तर फूटभर उंच वरंबा करा, एक पावसाळा त्यातला क्षार धुऊन जाऊ द्या आणि मग लावा. शंका असेल तर मातीची तपासणी करून घ्या. विद्युतवाहकता ४ डेसिसायमनच्या वर असली की ती जमीन क्षारयुक्त समजतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या पनवेल १, २ आणि ३ या जाती दिल्या. खाऱ्या जमिनीचे शास्त्र आपल्या शेजारीच आहे, तेथे जाऊन विचारायला संकोच नको. आणि घर भरावावर असेल, तर फूटभर खोल चर खणा, त्यातले सिमेंटचे आणि विटांचे तुकडे वेचून बाहेर टाका, आणि चर माती व कुजलेल्या शेणखताने भरा.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी द्या. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी पुरते. मचूळ विहिरीचे पाणी देऊ नका. दुसऱ्या उन्हाळ्यात ती आपली आपण जगते. फेब्रुवारीनंतर पाने झडली तरी घाबरू नका, खोडात जीव असतो. छाटणी करायची ती फुले संपल्यावर, गुडघ्याएवढी उंची ठेवून. म्हणजे खालून फुटवे येतात आणि वई दाट होते. भाद्रपदात कात्री लावू नका, कारण फुले शेंड्याकडच्या पानांच्या बेचक्यात येतात आणि छाटणीबरोबर ती जातात.

आता तिचे दोन दोषही सांगतो. पहिला दोष काटा. पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणि बोळाच्या तोंडाशी ती लावू नका. दुसरा दोष पसरण्याचा. वाळलेले बोंड तडकते आणि बी लांब उडते. ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी बागेत शोभेसाठी नेली आणि ती बाहेर सुटली, तेव्हा उत्तरेकडच्या भागात ती उपटून काढण्याची पाळी आली. आपल्याकडे ती मूळची आहे, तरी रोपे भाजीच्या वाफ्यात येऊ लागली तर पहिल्याच पावसाळ्यात उपटा.

पायांचे औषध

ज्यांनी खाचरात लावणी केली आहे त्यांना चिखल्या म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दिवसदिवस पाण्यात उभे राहून बोटांच्या बेचक्या कुजतात आणि टाचा फुटतात. कोरांटीच्या पाल्याचा रस पावसाळ्यात पायांना चोळायचा, म्हणजे कातडी घट्ट होते आणि भेगा पडत नाहीत, हा जुना उपाय आहे. मुंबईच्या सरकारी औषध भांडारात काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी १८९० ते १८९३ या काळात निघालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथात तो नोंदवून ठेवला. ग्रंथ इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर असला, तरी ज्यांनी सांगितले ती माणसे चिखलात उभी राहणारीच असली पाहिजेत. ज्याचे पाय कोरडे असतात त्याला अशी गोष्ट सुचत नाही.

पण येथे मर्यादा सांगणे माझे काम आहे. हा उपाय पाय फुटू नयेत म्हणून आहे. जखम झाली असेल, मधुमेह असेल, तर पाला बांधून बसू नका. आणि चिखलात काम केल्यानंतर ताप आला, अंग मोडून दुखू लागले, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोचा ताप असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. झाडपाल्याचा अभिमान म्हणून जीव धोक्यात घालणे हा शहाणपणा नव्हे.

ही वई शेतात नेऊ नका

मघाशी एका तरुण कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "औषधी आहे म्हणता, मग एकरभर लावली तर किती मिळतील?" त्याला दिलेले उत्तर सगळ्यांसमोर देतो.

मोगली एरंड आठवतो? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून तो बांधावरच्या वईचे झाड होता. शेळी खात नाही, कांडी लावली की जगते, एवढा त्याचा गुण. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या बियांपासून डिझेल करण्याची शिफारस केली, आणि एकाएकी जत्रोफा हे नाव घेऊन तोच एरंड शेताच्या मध्यभागी आला. पडीक जमिनीत, बिनपाण्याचे, बिनखताचे पीक म्हणून त्याची वाखाणणी झाली. झाड जगते ही गोष्ट खरी होती. पण जगणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. पाणी आणि खत न मिळालेल्या झाडाने तसेच उत्पन्न दिले, आणि जे बी निघाले त्याला खात्रीचे गिऱ्हाईक नव्हते. सफेद मुसळीच्या लाटेतही खरेदीच्या हमीवर महाग बेणे घेतलेले शेतकरी असेच पोळले.

यातून नियम एकच निघतो. काटकपणा हा वईचा गुण आहे, तो उत्पन्नाचा पुरावा नाही. कोरांटीला औषधी बाजारात मागणी असेल, नाही असे नाही. पण ज्याच्याकडे लेखी करार, ठरलेला भाव आणि माल उचलणारा माणूस नाही, त्याने एका कांडीमागेही पैसा गुंतवू नये. रोपे विकायला आणि माल परत घ्यायला एकच माणूस आला, तर त्याचा धंदा रोपे विकण्याचा आहे असे समजा.

कोरांटीचे उत्पन्न तिच्या आतल्या बाजूला आहे. वईच्या आत दुधी, पडवळ, शिराळी, वाल, अळू, मिरची, शेवगा, कढीलिंब. कोरांटी फुलते त्या दिवसांत तिच्यावर मधमाश्या आणि भुंगे येतात, आणि आतल्या वेलांच्या फुलांनाही त्यांचा उपयोग होतो. घरची भाजी जेवढे दिवस पुरेल तेवढे दिवस बाजारातला खर्च वाचतो. तो वहीत लिहून ठेवा. भातशेती गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला, आणि ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचे होते. लावणी, बेणणी, कापणी करणाऱ्या बाईचे काम मात्र कोणत्याही निवाड्यात मोजले गेले नाही. परसाची वही तिच्या हातात द्या आणि तिच्या नावाने ठेवा.

हद्दीबद्दल दोन शब्द

वई लावली म्हणजे जागा आपली झाली असे समजू नका. झुडूप हा मालकीचा कागद नव्हे. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. तीत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात, आणि त्याआधी हद्दी चुन्याने आखतात. जेथे मोजणी होईल तेथे घरातल्या सगळ्यांनी हजर राहा. वई लावायची ती शेजाऱ्याला बोलावून, हद्द दोघांनी मान्य करून, आणि आपल्या बाजूला दोन फूट आत. म्हणजे काटा पलीकडे जात नाही आणि भांडणही जात नाही. भावाभावांत हद्दीचा वाद असेल तर वाद मिटेपर्यंत वई लावू नका. आपल्यातल्या दाव्यांनी आपला जेवढा पैसा खाल्ला, तेवढा दुष्काळानेही खाल्ला नसेल.

काम कोणते?

आता ठराव मांडतो. प्रत्येक गावाच्या शाखेने मृग नक्षत्राच्या आत तीन कामे करावीत. एक, गावात पिवळी कोरांटी कोणाकडे आहे त्याची यादी करणे आणि कांड्या द्यायला त्यांची संमती घेणे. दोन, लादी न घातलेली पाच परसे निवडून तेथे वई उभी करणे. त्यातली दोन तरी अशा घरांची असावीत, ज्यांच्याकडे भूखंड नाही आणि नोकरीही नाही. तीन, त्या पाच घरांत वही सुरू करून रोजची भाजी आणि तिचा बाजारभाव लिहिणे. मार्गशीर्षात आपण पुन्हा बसू, तेव्हा कोणत्या कांड्या लागल्या, कोणत्या मेल्या आणि वहीत बेरीज किती झाली, ते आकडे घेऊन या. शाबासकीची भाषणे आणू नका.

भूखंडांचे आणि नोकऱ्यांचे काम थांबणार नाही. त्याच्या तारखा मघाशी सचिवांनी वाचल्या आहेत, आणि त्या दिवशी सगळ्यांनी यायचे आहे. पण ते काम दुसऱ्याच्या सहीवर अडलेले आहे. परसाच्या कामाला कोणाची सही लागत नाही, तेव्हा ते येत्या पावसालाच झाले पाहिजे. सभा संपल्यावर दाराशी कांड्यांच्या पाच मोळ्या ठेवल्या आहेत. त्या लावण्यासाठी नाहीत, त्याला अजून पाऊस नाही. पेर कोठे, जाडी किती आणि कापायचे कोठे हे हातात धरून बघण्यासाठी आहेत. जाताना प्रत्येकाने बघून जावे, आणि बायकांनी आधी बघावे.